बेतलेली

"डोळे मिट," इनोकेंटी म्हणाला, "आणि खांद्याला लाव."
मी लावली.
"उघड."
उघडले, तर नळीच्या टोकाचा पितळी मणी कुठेच नव्हता.
दिसलं ते दुकानाचं छत, टांगलेली जाळी
आणि दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर.
"ही नको." मला न विचारताच
त्यानं ती परत फळीवर ठेवली.

कोडियाक बेट, मे महिना. बाहेर आडवा पाऊस.
उद्या सकाळी पाण्यावर उतरणारं विमान
मला नदीच्या मुखाशी सोडून येणार,
तीन महिने सॅमन मोजायला.
बांधाच्या फटीतून मासा गेला
की अंगठ्यानं खटका दाबायचा, एवढीच नोकरी.
पण त्याच नदीवर आणखी कुणी कुणी येतं,
तपकिरी, ओलं, नऊ मणांचं,
आणि माझ्या आकड्यांशी त्याला देणंघेणं नसतं.

मी पाच फूट. हात आखूड.
शर्ट विकत घेतला की आधी बाह्या दुमडते.
आणि इथल्या साऱ्या बंदुका
कुणा लांब हाताच्या बाप्यासाठी केलेल्या:
दस्ता काखेत अडकतो,
पंपापर्यंत हात नेला की कोपर सरळ होतं,
आणि सरळ कोपरात ओढायला जोर उरत नाही.

दुसरी हलकी होती. छान आहे, मी म्हटलं.
"हलकी म्हणजे लाथ मारणार.
लाथेला भ्यालेला माणूस
डोळे मिटून चाप ओढतो."
तिसरी जड.
"ही सालस आहे. पण चौथ्या दिवशी
तू हिला तंबूत निजवशील
आणि पाण्याला नुसती बादली घेऊन जाशील.
अस्वल बादलीच्याच वाटेवर असतं, पराश्का.
जोड्यासारखं आहे हे,
दुकानात कुठलाच चावत नाही."

मग तो आत गेला. बराच वेळ आला नाही.
आणली ती जुनी. नळीवर खाऱ्या हवेचे डाग,
दस्ता मागून तीन बोटं कापलेला,
करवत कुठे घसरली तेही दिसत होतं.
मागे रबराची गादी,
दोन स्क्रूंतला एक भलत्याच जातीचा.

"मिट."
उचलली. गाल आपसूक लाकडावर टेकला,
तिथे एक गुळगुळीत खळगा होता
कुणाच्या तरी गालानं आधीच करून ठेवलेला.
"उघड."
मणी समोर. जणू माझीच वाट बघत.

"कुणाची?"
"तिमोफेची. चौदाचा होता, तेव्हा कापून दिली."
मी गप्प झाले.
या बेटावर असं वाक्य पुढे कुठे जातं
ते आम्हाला ठाऊक असतं.
तो हसला. "जिवंत आहे गं! वाढला.
सहा फूट दोन इंच. अँकरेजला फ्रीज दुरुस्त करतो."
मग फडक्यानं नळी पुसत राहिला,
पुसून झालेली.
"बंदूक वाढत नाही ना."

पैसे मोजताना म्हणाला,
"लोक जिवावर बेतलं की येतात माझ्याकडे.
मी म्हणतो, त्याआधी अंगावर बेतून घ्या."

पहिल्याच दिवशी रिकाम्या पिंपावर पाच गोळ्या झाडल्या.
खांद्यावर वळ नाही.
पुढे जूनभर, जुलैभर ती पाठीला लागून होती;
बादलीबरोबर, सरपणाबरोबर,
रात्री शेवाळाच्या आडोशाला जातानासुद्धा.
केव्हा विसरले की ती आहे, कळलं नाही.

ऑगस्टात एका पहाटे
ती बांधावर उभी होती, दहा पावलांवर,
मागे दोन पिल्लं.
बंदूक खांद्याला कधी आली मला माहीत नाही.
मणी तिच्या छातीवर स्थिर, मी मात्र हलत होते.
तिनं हवेत नाक वर केलं, माझा वास
बहुधा बिनमहत्त्वाचा ठरला.
माझ्या फटीतला एक मासा उचलला
आणि पिल्लांना घेऊन गवतात गेली.

वहीत लिहिलं: एकेचाळीस हजार तीनशे सोळा.
समोर प्रश्नचिन्ह काढलं.
तो एक मी मोजला होता की नाही,
अजून आठवत नाही.